शिकारीची गाडी म्हणतात मला

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप आहे. वनखात्याच्या आवारात जप्त होऊन उभी आहे, पण मान खाली घालून बोलणार नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा पांढरीशुभ्र होते. एटापल्लीकडच्या आदेशभाऊंनी मला घेतलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. दसरू माझा ड्रायव्हर. धानाची पोती, लग्नाचं वऱ्हाड, अडलेली बाळंतीण, सगळं मी वाहिलं. लोक मला गावची लक्ष्मी म्हणत.

मग आदेशभाऊंना शिकारीचा नाद लागला आणि माझा डांबरी रस्ता सुटला. नाल्यातले धोंडे, बांबूचे खुंट, गुडघाभर चिखल. स्प्रिंगचे पाटे मोडले, सायलेन्सर खरवडून निघाला. तेल बदलायला कुणाला सवड नसे, हौद्यातलं रक्त मात्र तातडीने धुतलं जाई.

पारधीचा जुना रिवाज असा, की रानात गेलेल्या प्रत्येकाला मटणाचा वाटा, कुत्र्यालासुद्धा. आदेशभाऊंनी त्यात गाडीचा वाटा घुसडला. नाव माझं आणि रस्सा त्यांच्या घरी! मला संताप येई, पण गाडीचं कोण ऐकतं?

यंदाच्या हिवाळ्यात एका सकाळी जनावर उठवायला हाका घालणाऱ्या जंगूवर जखमी रानडुक्कर उलटलं. त्याची मांडी फाटली. डुक्कर मेलं, जंगू विव्हळत राहिला. दसरूने दुपट्ट्याने जखम आवळली आणि दोघांनाही माझ्या हौद्यात घातलं.

दवाखान्याच्या सरळ रस्त्यावर वनखात्याचा नाका होता. आदेशभाऊ म्हणाले, आधी आडवाटेने गावात जाऊ, डुक्कर उतरवू, मग जंगूला नेऊ. इकडे जंगूचे ओठ पांढरे पडत चालले होते. तेवढा वेळ तो काढणार नव्हता.

दसरूने कधी मालकापुढे ब्र काढला नव्हता. तो स्टिअरिंग धरून शांतपणे बोलला, "भाऊ, शिकारीत गाडीचा वाटा असते न? मंग आज गाडीचंबी आयका. गाडी दवाखान्यात चालली."

आदेशभाऊंनी कामावरून काढायचा दम भरला. काढा, दसरू म्हणाला, आणि त्याने मला दामटलं. मीही मोडक्या पाट्यांनिशी अशी धावले, की नवीकोरी असतानाही धावले नसेन.

नाक्यावर दसरूने स्वतःच ताडपत्री उचलली.

"डुक्कर हाये, माणूसबी हाये. माणसाले दवाखान्यात पोचवू द्या, मंग आमाले धरा."

नाकेदाराने आडवा बांबू वर केला आणि स्वतः हौद्यात चढून जंगूचं डोकं मांडीवर घेतलं. जंगू वाचला. दसरू, आदेशभाऊ, सगळ्यांवर खटला झाला आणि मी इथे आले. गुन्हा घडलाच होता, त्याची शिक्षा मला मान्य आहे. त्या दिवशीच्या धावण्याबद्दल मात्र मी कुणाची माफी मागणार नाही.

आता माझे टायर बसलेत, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलाय. जाणारे-येणारे बोट दाखवतात, शिकारीची गाडी! मित्रांनो, गाड्यांना तेलपाणी करा, धुवा, पुसा; पण त्यांना कुठे नेता, याचाही विचार करा. रस्ता निवडणं आमच्या हाती नसतं, बदनामी मात्र आमच्याही वाट्याला येते.

परवा जंगू काठी टेकत आला. माझ्याभोवती लंगडत फिरला, हौद्याच्या कडेवर हात ठेवून उभा राहिला. चौकीदाराने हटकलं, इथी काय काम, गाडी काय तुही हाये?

"हो," जंगू म्हणाला. "माहीच हाये."

आता खुशाल करा माझा लिलाव.