आधी दोरी, मग बूट

मित्रांनो, भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर आडवा पडलेला, पिवळट रंगाचा, किंचित पोक आलेला मी एक धनुष्य आहे. वयाने मी मुळीच म्हातारा नाही. हे पोक मला प्रेमाने आलं आहे. हसू नका, आधी ऐका.

जन्माने मी कुंपण. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये शेतांच्या कडेला कुंपण म्हणून काटेरी झाडांच्या रांगा असतात. त्यातलं एक झाड वादळात पडलं. एल्डन आजोबांनी त्याचा सरळ ओंडका फोडून गोठ्याच्या माळ्यावर वाळत टाकला आणि नातीला, ब्रिनला, बजावलं की घाई करायची नाही. ती तेव्हा शाळेत होती. कॉलेजात गेली तरी मी वाळतोच आहे. मग आजोबांनी मला सोलायला घेतलं. खोडातलं वर्षावर्षाने वाढणारं एकच वलय माझ्या पाठीवर, म्हणजे बाहेरच्या बाजूला, अखंड राखायचं. ते कुठे कापलं गेलं तर धनुष्य तिथेच मोडतं. मला भिंतीला अडकवून दोरी ओढायची, डोळे बारीक करून माझे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा भाग, सारखे वाकतात का बघायचं, जरासं खरवडायचं, पुन्हा बघायचं. इतक्या निगुतीने नंतर मला कुणी हात लावला नाही.

देताना त्यांनी ब्रिनला दोन गोष्टी सांगितल्या. घरी आलीस की आधी दोरी उतरव, मग बूट काढ. आणि जखमी केलेलं हरीण सापडलं नाही, तर धनुष्य मला परत आणून दे. दुसरी गोष्ट तिने काळजावर कोरून घेतली. पहिली या कानाने ऐकली आणि त्या कानाने सोडून दिली.

प्रेम मात्र विचारू नका. गवताच्या गाठोड्यावर कागदी ताटली टोचून ती संध्याकाळभर बाण मारायची. पिसं स्वतः चिकटवायची. तिचा भाऊ कोल्ट टोकांना चाकं आणि वर दुर्बीण लावलेलं नव्या धर्तीचं धनुष्य वापरतो. त्याने विचारलं, "या काठीने तू हरणं मारणार की हाकलणार?" तिने ताटलीच्या मधोमध बाण घातला. तेव्हा मलाही बरं वाटलं होतं, नाही कशाला म्हणू?

पण दोरी! दोरी चढवलेला मी सुंदर दिसतो, म्हणून तिने मला तसाच पलंगाच्या वर भिंतीवर टांगला. मैत्रिणी आल्या की दाखवायला. गाडीत मागच्या काचेशी, भर उन्हात, तसाच ठेवला. एकदा तर कोपऱ्यात उभा करून वर ओला कोट अडकवला. मी धनुष्य आहे, खुंटी नाही, हे कुणाला सांगायचं? रात्रंदिवस ताणून धरलेलं लाकूड हळूहळू तसंच बसतं. दोरी सोडली तरी सरळ होत नाही, आणि मग बाणात जोर राहत नाही. माझे बाण खाली पडू लागले. ब्रिनने बोटांना दोष दिला, पिसांना दिला, सकाळी न खाल्लेल्या न्याहारीलाही दिला. माझ्याकडे एकदा निरखून बघावं, हे काही तिला सुचेना.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी ओढ्याकाठी हरीण आलं. ताटली असायची तेवढ्याच अंतरावर, आडवं उभं. ब्रिनने मला पूर्ण ओढलं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, सोडू नकोस, पायाला लागेल, पोटाला लागेल, दिवसभर ते झुडपांतून रक्त सांडत फिरेल. मग मला आजोबांकडे परत जावं लागलं असतं, ब्रिनचं आणि माझं तिथेच संपलं असतं. आठवडाभराचे खाली गेलेले बाण तिला आठवले असावेत. तिने दोरी न सोडता हळूहळू सैल केली. हरणाने शेपटी उडवली आणि ते निघून गेलं.

ती तडक आजोबांकडे गेली. त्यांनी माझ्या पाठीवरून नजर फिरवली.

"दोरी कधी उतरवायचीस?"

"नाही उतरवायचे," ती म्हणाली. "परत घ्या. माझ्याकडे राहायच्या लायकीचं नाही."

"कोण, ते की तू?" आजोबांनी मला तिच्याच मांडीवर टाकलं. "जखमी काही केलं नाहीस, मग परत कशाला? आता याचा जोर परत यायचा नाही. तूच हरणाच्या आणखी जवळ जायला शिक."

ती शिकली. ताटली जवळ आली, पावलं हलकी झाली. कितीतरी हरणं तिला वास लागून पळाली, पण शिकारीचा मोसम संपता संपता एक जागीच उभं राहिलं आणि बाण जिथे जायला हवा तिथे गेला. हरीण तिच्या नजरेसमोरच कोसळलं. ती त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली. मग सगळ्यात आधी माझी दोरी उतरवली.

कोल्ट फोटो काढायला आला. म्हणाला, दोरी चढव, नाहीतर नुसती काठी दिसते.

"काठीच दिसू दे," ब्रिन म्हणाली.

तर मित्रांनो, तुमच्याकडे धनुष्य नसेल, पण जीव लावलेलं काहीतरी असेलच. त्याला रोज थोडं सैल सोडा. आणि भिंतीला टेकवून उभं करू नका, आडवं ठेवा. वर ओला कोट टाकू नका. एवढंही मीच सांगायचं का?