टाच टेकणारी गाडी

"पानी हिंदकळलं तं हिंदकळू दे, बाय. पाय नको हिंदकळू देव."

आईचा हा आवाज चिंचोटीच्या ओढ्यावरून घरी येणाऱ्या पायवाटेवरचा. जयवंती तेव्हा नऊ वर्षांची. डोईवर पहिली कळशी, आणि मागून चालणारी आई कधी बोलून, कधी गाऊन तिचा पाय सावरायची. आता जयवंती त्रेचाळीसची होती, वसईतल्या पापडीला बर्थामावशीच्या अंगणात चिकूच्या झाडाखाली उभी होती, आणि समोर भाड्याच्या तीन स्कूटर होत्या. एक लाल, एक पांढरी आणि एक हिरवी. पण तिचा हिरवेपणा म्हणजे बरेच पावसाळे पाहिलेल्या खिडकीचा असतो तसा.

"हात नको लावू अजून," बर्थामावशी म्हणाली. "आधी सांग, जायचं कुठे कुठे?"

"चंदनसारहून, घरूनच निघायचं. विरार, नालासोपारा, मग वसई. ज्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय, त्या घरी. ड्रेसिंग, इंजेक्शन, पाठीच्या जखमा."

"रस्ता?"

"मावशी, रस्ता असता तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

बर्थामावशी हसली. नवरा गेल्यावर त्याचं गॅरेज तिने चालू ठेवलं होतं, आणि सोबत त्याची एक रीतही. गाडी भाड्याने न्यायची तर आधी इंजिन बंद ठेवून, सामान लादून, शुक्रवारच्या बाजारातून चर्चच्या फाटकापर्यंत ढकलत न्यायची आणि परत आणायची. कोणाला धक्का लागला की ती गाडी त्या गिऱ्हाइकाची नाही. "मोकळ्या मैदानात कुठलीही गाडी शहाणी वाटते," ती म्हणायची. म्हणून तिचं गिऱ्हाईक शुक्रवारीच यायचं.

जयवंतीला सोमवारपर्यंत गाडी हवीच होती. वसईच्या ज्या नर्सिंग होममध्ये ती एकोणीस वर्षं नर्स होती, तिथल्या डॉक्टर सुरुचीबाईंनी घरभेटीचं नवं काम काढलं होतं. काम जबाबदारीचं, आणि अट एकच: स्वतःच्या हाताशी वाहन पाहिजे. परवापरवा लागलेल्या विघ्नेशकडे मोटारसायकल होती. "सिस्टर, सोमवारी सकाळी गाडी दिसली तर काम तुमचं, नाहीतर त्याचं," बाई म्हणाल्या होत्या. जखम बांधताना विघ्नेश रोग्याच्या तोंडाकडे बघतच नाही, हे जयवंती रोज बघत होती. भाच्याच्या स्कूटरवर शिकून तिने लायसन्स तेवढ्यासाठीच काढलं होतं.

सोबत नवरा आला होता. चंद्रहास. मूळ कणकवलीकडचा, फोर्टातल्या एका कंपनीत कारकून. आज खास रजा टाकून आला होता, आणि आल्यापासून हाताची घडी सोडत नव्हता.

पहिली निघाली लाल. हलकी, बिनगिअरची, पायाजवळ जेमतेम जागा. जयवंतीने औषधांची पत्र्याची पेटी तिथे ठेवली आणि निघाली. केळीवाल्यांपर्यंत ठीक होतं. पुढे एका बाईची टोपली नुसती घासली आणि सगळी गाडीच शहारली. बारकं चाक गटाराच्या फटीत बसलं, पेटी कलंडली, आतल्या बाटल्या किणकिणल्या. दोघांनी हात दिला म्हणून ती परत आली.

"खेळणं आहे हे," चंद्रहास म्हणाला.

पांढरी दिसायला देखणी, बटणावर सुरू होणारी. पण सीट उंच. जयवंतीने बसून बघितलं तर नुसते चवडे पोचत होते. तशीच बसून, पायांनी रेटत ती निघाली. सुक्या मासळीच्या रांगेत गर्दी थबकली, तशी ती चवड्यांवर लटपटली, आणि हँडल थेट पाटीकडे वळलं.

"ए बाई!" मासळीवाली ओरडली. "बोंबील आधीच चपटे आहेत. अजून किती करतेस?"

भोवतीचे सगळे हसले. जयवंतीही हसली.

"बघितलंस?" चंद्रहास म्हणाला. "ही डोक्यावर चढणारी आहे."

राहिली हिरवी. गिअरची, किकची, वजनदार. चंद्रहासने तिच्याभोवती एक फेरी मारली. "ही तर म्हातारी आहे. रंग गेलाय. शिवाय स्टँडवर कोण लावणार हिला? दोन माणसं लागतील."

बर्थामावशीने फडक्याला हात पुसले. "काय हो साहेब, बायको बघायला गेलात तेव्हाही एवढ्या खोडी काढल्या होत्यात?"

"तेव्हा एकच दाखवली होती," जयवंती म्हणाली.

चंद्रहासला हसू आलं नाही. तो हळूच म्हणाला, "त्यापेक्षा असं कर ना. नेहमीसारखी जा. तिकडे पोचल्यावर साडी बदल, आणि तिथून रिक्षा कर."

अडलं होतं ते इथे. तीन स्कूटरींच्या तीन खोडींमागे एक पांढरी साडी होती.

लग्नानंतर त्याने घरच्यांना सांगितलं होतं, ही हॉस्पिटलच्या ऑफिसात असते. नर्स म्हटलं असतं तर कणकवलीच्या घरात तिच्या हातचं पाणी कोणी प्यालं नसतं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. पुढे चंदनसारला फ्लॅट घेतला, तिथेही तेच सांगितलं गेलं. जयवंती रंगीत साडीत घरून निघायची आणि नर्सिंग होमच्या जिन्याखाली पांढरी नेसायची. रात्रपाळी लागली की तो शेजारी सांगायचा, माहेरी गेलीय. सगळ्या बिल्डिंगला वाटायचं, हिचं माहेर फार मायेचं. ती कधी भांडली नाही. पण घरभेटीचं काम घरूनच सुरू होणार होतं.

"साडी मी चंदनसारलाच नेसणार," जयवंती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पेटी द्या, मावशी."

ती हिरव्या गाडीवर बसली आणि आधी तिने खाली बघितलं. दोन्ही टाचा जमिनीला पुऱ्या टेकल्या होत्या. उतरून तिने हँडल धरलं. या गाडीचं इंजिन उजव्या अंगाला. ती त्या बाजूला झुकायची, पक्षाघाताचा रोगी एका कुशीला झुकतो तशी. जयवंतीने न ठरवताच तिला कमरेचा आधार दिला. अशी कित्येक माणसं तिने या कमरेवर पेलली होती. गाडी सरळ झाली आणि मुकाट चालू लागली.

बाजार ऐन भरात होता. भाजीच्या जुड्या, कोंबड्यांचे झाप, मातीची मडकी, मधूनच घुसलेली एक बैलगाडी. जयवंती थांबायची, टाच रोवायची, वाट मोकळी झाली की पुढे सरकायची. वजनामुळे गाडी कोणाच्या धक्क्याने हलत नव्हती. तिच्या ओठांवर कधी आलं कळलं नाही, आई कळशीमागून म्हणायची ते:

भरल्या गं कळशीला, नको वाऱ्याची गं भीती
टाच टेकते गं जिथं, तिथं आपली गं माती

मासळीवालीने तिला पुन्हा येताना बघितलं आणि पाटी आपणहून मागे ओढली. जयवंती तिच्या समोरून गेली तेव्हा पाटी आणि चाक यांच्यात चांगलं हातभर अंतर होतं. "आता कशी जमली!" मासळीवाली म्हणाली, आणि शेजारणीला कोपर मारून दाखवू लागली.

अंगणात परत आल्यावर बर्थामावशी म्हणाली, "स्टँड."

चंद्रहास पुढे झाला. जयवंतीने मान हलवली. तिने पाय स्टँडवर रोवला, गुडघे किंचित वाकवले, गाडीला अंगाशी घेतलं, श्वास सोडला आणि सगळं वजन टाचेवर घेऊन मागे झुकली. खट्. गाडी उभी.

बर्थामावशीच्या भुवया वर गेल्या. "मिस्त्रीला दमवते ही गाडी. कुठे शिकलीस गं?"

"माणसं उचलून," जयवंती म्हणाली. "बेशुद्ध माणूस याहून जड लागतो, मावशी. आणि त्याला हँडल नसतं."

बर्थामावशी मोठ्याने हसली आणि तिने किल्ली जयवंतीच्या हातात ठेवली. चंद्रहास हसला नाही. तो बायकोच्या हातांकडे बघत राहिला.

शनिवारी तो गाडीजवळ फिरकलाही नाही. रविवारी संध्याकाळी मात्र खाली जाऊन त्याने गाडी पुसली, आणि पेटी बांधायला कुठूनसा एक पट्टा आणला.

सोमवारी सकाळी साडेसातला जयवंती जिना उतरली. पांढरी साडी, छातीवर नावाची पट्टी. पहिल्या मजल्यावर कोणीतरी दार उघडलं आणि तसंच धरून उभं राहिलं. चंद्रहास डबा घेऊन मागोमाग आला.

खाली सोसायटीचा सेक्रेटरी परेश वर्तमानपत्र घेऊन वॉचमनशी बोलत होता. त्याने साडी बघितली, पट्टी बघितली, गाडीवरची पेटी बघितली.

"अरे, वहिनी! हे काय? तुमच्या ऑफिसात आता युनिफॉर्म झाला की काय? की कुठे नाटकबिटक आहे?"

हे उत्तर जयवंतीचं नव्हतंच; ऑफिस तिने सांगितलं नव्हतं. तिने पट्टा आवळला, गाडी स्टँडवरून उतरवली आणि किक मारली. पहिल्या किकेला नुसताच खोकला आला. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. तिने पदर खोचला आणि वाट बघितली नाही. गाडी फाटकाकडे वळवली.

"जयवंती, थांब."

ती थांबली. चंद्रहासने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. वॉचमन बघत होता, परेश बघत होता, पहिल्या मजल्यावरचं दार आता गॅलरीत आलं होतं. चंद्रहासला आवाज मोठा काढावा लागला, कारण गाडी चालू होती.

"युनिफॉर्म आज झालेला नाही, परेश. ही नर्स आहे. लग्नाच्या आधीपासून नर्स आहे, रात्रपाळ्या केलेली नर्स. ऑफिस मी सांगायचो. मला लाज वाटायची." तो थांबला, आणि मग परेशकडे नाही, तिच्याकडे बघत म्हणाला, "लाज हिची नव्हती. माझी होती."