वीस हजार दिवसांचा बाक

मी एक जुना बाक आहे. किती जुना, हे मात्र विचारू नका मित्रांनो, कारण त्या एका प्रश्नापायी माझा जीव जाता जाता वाचला. आता विषय निघालाच आहे तर सांगतो. पण मध्ये तोंड घालायचं नाही, मला ते खपत नाही.

मी दिसतो लाकडाचा, पण लाकडाचा नाही. मी संगणकावरच्या एका खेळात राहतो. त्या खेळात एक तळं आहे, धक्का आहे, टेकडी आहे. वीस-बावीस माणसं आपापल्या घरून तिथे येतात, घरं बांधतात, वस्तू मांडतात. हे जग एक मावशी चालवते. दिवसा ती छापखान्यात असते आणि संध्याकाळी आमच्याकडे बघते. आमच्यासारख्यांची एक गंमत तुम्हाला ठाऊक नसेल. ज्याच्या पडद्यावर आम्ही दिसतो, त्याची खोली आम्हाला दिसते.

मी पाहिलेली पहिली खोली या मावशीच्या बहिणीची. जमिनीवर उघडी बॅग होती, अर्धे कपडे आत, अर्धे बाहेर. ती बोटीवर इंजिनाचं काम करते आणि दुसऱ्या दिवशी तीन महिन्यांसाठी निघायची होती. तिच्या मांडीवर तिची नऊ वर्षांची मुलगी बसली होती. मांडीवर बसायचं वय सरलेलं, पाय चांगले जमिनीला टेकत होते, पण त्या दिवशी तिला कोणी उठवलं नाही. हिला घरात खारू म्हणतात, कारण पेन्सिलीचे तुकडे, बटणं, जे हाती लागेल ते ती खारीसारखं साठवते. बटणांना घरात तोटा नाही. बाबा शिंपी आहेत आणि मागे त्यांचं मशीन खडखडत असतं.

मायलेकींनी धक्क्यापासून टेकडीवर जाणाऱ्या वाटेला तीन दिव्यांचे खांब लावले आणि टेकडीच्या टोकावर मला ठेवलं. माझा एक पाय सारखा जमिनीत रुतत होता. तिसऱ्यांदा रुतला तेव्हा आई म्हणाली की या बाकालाच बसायची घाई झालेली दिसते. खारू इतकी हसली की तिला उचकी लागली. मग तिने स्वतःच जाहीर केलं, “तू परत आलीस की दोघी मिळून बसायचं. तोपर्यंत कोणीच नाही.” आई हरवलेला मोजा शोधत होती, ती हो म्हणाली.

झालं! माझं आयुष्य ठरलं.

रोज शाळेतून आल्यावर खारू यायची आणि माझ्या शेजारी उभी राहायची. सूर्य तळ्यात बुडेपर्यंत उभी. बसायची नाही. आज डब्यात काय होतं, बाबांनी कोणाचा कोट उलटा शिवला, सगळं आईला सांगितल्यासारखं सांगायची. एकदा पिंपवाले काका टेकत होते, तर ही आडवी आली आणि त्यांना उठवून लावलं. हे काका खरे दातांचे डॉक्टर, पण खेळात त्यांना एकच नाद, पिंपं मांडायचा. उजवीकडे पिंप, डावीकडे पिंप, तळ्यात तरंगणारी पिंपं. खरं सांगू, मला खारूचा रागच यायचा. बाकाला बसायला माणूस लागतो हो. नुसतं जपून ठेवलं की जीव रमत नाही.

पिंपांनी जग जड झालं आणि अडखळत चालू लागलं. आई जाऊन महिना झाला असेल, तेव्हा मावशीने एक मॉड लिहिला. मॉड म्हणजे तयार खेळाला मागाहून जोडलेला तुकडा. बाबा शिवून झालेल्या शर्टाला खिसा लावून देतात ना, तसा. या मॉडचं काम एकच होतं, कोणती वस्तू किती दिवस जगात आहे ते मोजायचं. नवी वस्तू मांडली की तिची तारीख लिहिली जाई. आधीपासून असलेली वस्तू कोणी वापरली, की तिलाही तारीख मिळे. दार उघडलं, तारीख. पलंगावर कोणी आडवं झालं, तारीख. पुन्हा वापरली की तारीख पुन्हा ताजी.

माझ्यावर कोणी बसलंच नाही, त्यामुळे माझा रकाना रिकामा राहिला. खांबांचे दिवे आपोआप लागत, त्यांनाही कोणी हात लावत नसे, म्हणून त्यांचेही रिकामे. आणि रिकाम्या रकान्याला संगणक शून्य समजतो. शून्य म्हणजे त्याच्या पंचांगातला पहिला दिवस, कित्येक वर्षांपूर्वीचा. माझ्या नावापुढे त्याने वय लावलं, वीस हजार दिवसांच्या वर.

मित्रांनो, मी फुगलो! कालपरवाचा बाक मी, एकदम साऱ्या जगाचा आजोबा झालो. खांबांचंही वय तेवढंच लागलं होतं, पण त्यांना आकडे वाचता येत नाहीत आणि मी काही सांगितलं नाही.

मग धक्क्यावर मावशीची सूचना लागली. शंभर दिवसांत न वापरलेली प्रत्येक वस्तू रविवारी संध्याकाळी पाच वाजता काढून टाकली जाईल. काढलेली वस्तू परत येणार नाही, कारण जगाची नक्कल ठेवायला जागाच उरलेली नाही. ज्याला काही ठेवायचं असेल त्याने ते वापरावं.

माझा फुगा तिथेच फुटला. खारूने सूचना दोनदा वाचली, कॅलेंडरवर बोट ठेवून रविवारपर्यंतचे दिवस मोजले आणि सत्तर आले. तिने निश्चिंतपणे बाबांना सांगितलं की बाकाला अजून तीस दिवस आहेत आणि आई तर वीस दिवसांत येते. बरोबरच होतं तिचं. पोरीचा हिशेब चोख, चूक यादीत. पण मी सांगणार कसं? मला तोंड कुठे आहे?

माझी सगळी आशा मावशीवर होती. शनिवारी तिने काढायच्या वस्तूंची यादी उघडली. मला तिची खोली दिसली. टेबलावर तपासायचे छापील कागद, बोटांना शाई, डोळे चोळून लाल. यादीत चारशे तेरा नावं होती, वयं नव्हती, नुसती नावं. पिंप, पिंप, पिंप. तिने भराभर खाली सरकवलं. पिंप, पिंप, बाक, पिंप. क्षणभर मी तिच्या डोळ्यांसमोरून गेलो. ती जांभई देत होती. तिने यादी मिटली.

रविवारी सगळे धक्क्यावर गंमत बघायला जमले. खारूही तिथेच होती. पाचला सुरुवात झाली. साफसफाई धक्क्याकडून टेकडीकडे येत होती, एकेक पट्टा करत. पहिलं पिंप गेलं, दुसरं गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पिंपवाल्या काकांनी तेवढं तोंड फिरवलं. मी टोकावर बसून मोजत होतो. दुसरं काय करणार?

आणि धक्क्याजवळचा पहिला खांब गेला.

खारूचं हसू थांबलं. तो खांब तिने आणि आईने एकाच संध्याकाळी लावला होता, माझ्याबरोबर. त्याचेही सत्तरच दिवस झाले होते. तो गेला म्हणजे मीही जाणार, हे त्या पोरीला मोठ्यांच्या आधी कळलं. तिने बाबांना हाक मारली की मावशीला फोन करा, आणि वाट धरली. मागे मशीन थांबल्याचं मला ऐकू आलं. एका बाजूला बाबा फोन लावत होते, मावशी उचलत नव्हती.

ती पळत होती आणि पट्टा तिच्या मागून वर सरकत होता. दुसरा खांब तिच्या पाठीमागे गेला. ती माझ्यापाशी पोचली आणि सवयीने शेजारी उभी राहिली.

आता सांगा, काय करणार? बसली तर मला तारीख मिळेल आणि मी राहीन. पण मग शब्द मोडला. आई नसताना, एकटीच बसली असं होणार. खारूचं बोट कळीवर होतं. तिचे डोळे भरून आले. मला ओरडावंसं वाटत होतं, बस गं बाई, बस!

माझ्या शेजारचा तिसरा खांब गेला. मध्ये हातभराचंही अंतर नव्हतं.

ती बसली.

“आई, मी एकटीच बसले गं,” ती म्हणाली आणि रडू लागली. माझ्या रकान्यात त्या दिवसाची तारीख पडली. पट्टा माझ्यावरून गेला, मला ओलांडून पुढे गेला. मी थरथरत राहिलो असतो, पण थरथरायची सोय माझ्यात नाही.

थोड्या वेळाने सगळं थांबलं. मावशीने अखेर फोन घेतला होता. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं, “रकाना रिकामा असला तर काय करायचं, ते मी लिहिलंच नाही. चूक माझी.” खांब मात्र परत आले नाहीत. त्यांचं मला अजून वाईट वाटतं. त्यांना मी त्यांचं वय सांगायला हवं होतं.

त्या संध्याकाळी खारू जेवली नाही. बाबांच्या फोनवरून तिने आईला लिहिलं की मी शब्द मोडला. बोटीवर निरोप उशिरा पोचतात. दोन दिवस ती माझ्याकडे आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली, बाबांना घेऊन, आणि उत्तर मोठ्याने वाचून दाखवायला लावलं.

“अगं वेडे, मला वाटलं तू रोजच बसतेस. इथे संध्याकाळी मी तेच मनात आणते, की आत्ता खारू बाकावर बसली असेल. उभी कशाला राहिलीस इतके दिवस? पाय दुखले असतील.”

बाबांनी ते दोनदा वाचलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाची तरी वाट बघत ठेवलेली एखादी वस्तू असेल. कपाटात, कापडाखाली, कोणी हात लावू नये म्हणून. ती झाकून ठेवणं म्हणजे तिची काळजी घेणं नव्हे. ती वापरा. ज्याने ठेवली त्यालाही बहुधा तेच हवं असतं. हे मी बाक म्हणून सांगतो, माझं ऐका.

परवा मावशी आली होती. बिचारी अजून ओशाळलेली आहे. तुझ्या बाकाच्या रकान्यात तो मांडला त्या दिवसाची खरी तारीख लिहून देऊ का, असं तिने खारूला विचारलं.

खारू माझ्यावर बसली होती, पाय हलवत.

“नको,” ती म्हणाली. “उगाच कशाला? ती आता रोज बदलणार आहे.”