मधोमध

बाबांच्या रिमोटवर मी चिकटपट्टी लावली होती. चालू-बंद आणि आवाजाची बटणं तेवढी उघडी ठेवली, बाकी सगळी झाकली. ते भलतंच काहीतरी दाबायचे आणि मग मला ऑफिसात फोन करायचे.

गेल्या दिवाळीत सदाशिव पेठेतल्या त्यांच्या हॉलमध्ये मी होम थिएटर बसवून घेतलं. समोर तीन स्पीकर, मागे दोन, कोपऱ्यात खर्जाचा एक. त्यांचे जुने दोन स्पीकर देऊन टाकले आणि हॉलच्या मध्यावरची त्यांची खुर्ची खिडकीशी सरकवली. “आता कुठेही बसा,” मी म्हटलं.

बाबा सिनेमे बघतच नसत. ते ऐकायचे आईला. माझ्या दहावीच्या वर्षी आईने इतिहासाचे धडे कॅसेटवर वाचून ठेवले होते. ती गेल्यावर मीच ते पेन ड्राइव्हवर घेतले. रोज चार वाजता चहाबरोबर बाबांचा एक धडा व्हायचा.

“या वयात दहावीला बसताय का?” मी चिडवायचे.

“बसलो तर तुझ्यापेक्षा जास्तच मार्क पडतील.”

नवा संच लागल्यावर आठवड्याने ते म्हणाले, “पूर्वा, तुझी आई खाली बसायला लागलीय.”

“म्हणजे?”

“आधी समोर उभी असायची, मधोमध. आता टीव्हीखालच्या त्या डब्यातून बोलते. आधीसारखं करता येईल का गं?”

“बाबा, सहा स्पीकर असताना दोनच कशाला वाजवायचे?” मी हसले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

माघात ते गेले. घर आवरताना संच उतरवायला मी नारायण पेठेतल्या श्यामसुंदरांना बोलावलं. बसवला होता त्यांनीच. स्वयंपाकाच्या सोजरबाई तेव्हा भांडी बांधत होत्या. त्या म्हणाल्या, “ताई, साहेब नंतर लावतच नव्हते ते. चार वाजले की नुसते बसायचे.”

श्यामसुंदरांनी आधी संच तपासायला घेतला. आईचा आवाज टीव्हीखालून आला. बाबांचं म्हणणं मी त्यांना सांगितलं.

“बरोबर बोलले की साहेब,” ते म्हणाले. “सराउंडमध्ये बोलण्याला वेगळा स्पीकर असतो, मधला. खोलीत कुठेही बसा, बोलणं तिथूनच येतं. स्टिरिओत दोनच स्पीकर, मधे काहीच नसतं. दोन्हीकडून सारखा आवाज आला की माणूस मधे उभा आहे असं वाटतं. पण बरोबर मध्यावर बसलं तरच. एकाच खुर्चीचं काम ते.”

“मग ते जुने स्पीकर…”

“जुने कशाला? यातही होतं.” त्यांनी रिमोट हातात घेतला. “ही पट्टी कोणी लावली?”

नखाने पट्टी सोलून त्यांनी एक बटण दाबलं. मी हॉलच्या मध्यावरच उभी होते. मधला डबा गप्प झाला, मागचेही. आई उठून उभी राहिली. टीव्हीच्या वर, माणसाच्या उंचीवर. “लक्ष आहे ना, पूर्वा?” तिने विचारलं आणि धडा पुढे वाचू लागली.

“राहू दे,” मी श्यामसुंदरांना म्हटलं. “आज उतरवू नका.”

ते गेल्यावर मी खुर्ची खिडकीपासून ओढून आणली. फरशीवर तिच्या रबरी बुडांचे चार काळे डाग अजून होते. पाय त्यांवर नेमके बसवले. चार वाजले होते. धडा पहिल्यापासून लावला.

खुर्चीत बसायचा धीर झाला नाही. शेजारी फरशीवर बसले. तिथून आई एका बाजूच्या स्पीकरमध्ये सरकलेली होती. ती मधोमध उभी होती ती फक्त खुर्चीसाठी.