महाराजांचं मशीन

"हिरवं आलं! हिरवं आलं!"

अख्खं ऑफिस एका टेबलाभोवती गोळा झालं. दहा दिवस सगळ्यांच्या मशीनवर आडवं पडणारं लिनक्सचं पॅकेज, म्हणजे प्रोग्राम बसवायचा गठ्ठा, 'महाराजां'नी आपल्या मशीनच्या कीबोर्डवर तळवा ठेवताच उभं राहिलं होतं; पडद्यावर पास झाल्याची हिरवी खूण आली होती.

"यंत्राला आज्ञा नको रे, माया द्या," महाराज डोळे मिटून म्हणाले. हुद्द्याने साधे प्रोग्रामर; महाराज त्यांना ऑफिसने केलेलं.

ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या प्रोग्रामर, मावशी, जागच्या हलल्या नाहीत. पॅकेज बांधायचे नियम सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिले होते. पहिलाच नियम: पॅकेज कोऱ्या, आधीचं काही न टाकलेल्या मशीनवर बांधायचं आणि त्याला लागणारी प्रत्येक वस्तू यादीत लिहायची. तेव्हा नवीन माणूस तो नियम पाठ म्हणे, मगच त्याला खुर्ची मिळे.

हे पॅकेज रक्तपेढीत जायचं होतं, पिशव्यांवर रक्तगट छापायला. मावशींची सून तिथेच कामाला होती.

"कोऱ्या मशीनवर बांधून दाखवा," मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुमच्या नियमांना आता पेन्शन द्या की!" साहेब हसले.

मावशींनी महाराजांना उठवलं आणि मशीनची झडती घेतली. एका कोपऱ्यात छपाईची लायब्ररी, म्हणजे छपाईसाठी लागणारा तयार कोड, निघाली. यादीत तिचा पत्ता नव्हता. ती काढली, महाराजांनी दोन्ही तळवे टेकले तरी पॅकेज फसलं. परत ठेवली; महाराज पाणी प्यायला गेले असताना हिरवं आलं.

"बघितलंत? तळव्यात काही नाही," मावशी म्हणाल्या.

मग त्यांनी फाइलवरचं नाव वाचलं. हे मशीन पूर्वी त्यांचंच होतं. एका घाईच्या दुपारी ती लायब्ररी त्यांनीच हाताने टाकली होती. यादीत उद्या लिहू म्हणून.

"ही मीच टाकलीय," त्या हळूच म्हणाल्या.

मग कोणीतरी ओरडलं, "म्हणजे मावशींचाही हात लागलाय! डबल आशीर्वाद!" टाळ्या पडल्या.

मावशींनी लायब्ररीचं नाव यादीत घातलं. साहेबांनी ते खोडलं. "महाराजांनी पास केलेल्याला हात लावायचा नाही."

पॅकेज तसंच रक्तपेढीत गेलं आणि चौथ्या दिवशी सुनेचा फोन आला. "आई, प्रोग्राम उघडतच नाहीये. पिशव्यांवर गट हाताने लिहितोय, चुकायची भीती वाटते. इथले म्हणतात, महाराजांना बोलवा."

"त्यांना नको गं. यादीत छपाईच्या लायब्ररीचं नाव राहिलंय, म्हणून ती तुमच्या मशीनवर आलीच नाही; तेवढं घाला म्हणावं."

सून फोन न ठेवता विचारून आली. "सांगितलं, आई. म्हणाले, यादीने काय होतंय?"

चमत्कार दिसला की एवढंच करा: हात लावणाऱ्याला बाजूला बसवा आणि मागे काय उरतं ते बघा. हसतील तुम्हाला. मावशींनाही हसले. तरी बघा, पिशवीवरचा गट श्रद्धेने छापला जात नाही.