नागपूरच्या तिकिटावर वणी

त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात कापूस बुडाला होता, पण समित्या जोमात आल्या होत्या. दर आठवड्याला एखादी समिती यायची, कपाशीच्या वाळक्या पराटीला हात लावून फोटो काढायची आणि पांढरकवड्याच्या हायवेनं परत जायची. रेल्वेनं एकही आली नाही, याचं वणीच्या श्रीकृष्ण पाथ्रडकरांना मनापासून वाईट वाटे. नागपूरहून मुंबईला जाणारी निर्गुडा एक्सप्रेस वणीला थांबते, ही त्यांच्या मते जिल्ह्यातली एकमेव चांगली बातमी होती.

कॉलेजातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाल्यावर ते या गाडीचा इतिहास लिहायला बसले होते. पहिल्या दिवशी नगराध्यक्ष भाषण संपवून इंजिनापर्यंत पोचले तोवर गाडी सुटली, आणि हार गार्डाच्या गळ्यात पडला, इथपर्यंत लिहून झालं होतं. तेवढ्यात बातमी आली की वणीहून प्रवासीच चढत नाहीत, म्हणून थांबा बंद होणार. तपासणीला रेल्वेचे साहेब येणार होते.

"भैरवीचा सातवा चालू आहे," कुंदाताई म्हणाल्या. लेक कल्याणला होती. "बाळंतपणाले काय कोळशाच्या ट्रकवर बसून जाऊ?"

"थांबा जात नाही. मी आहे ना."

"म्हणूनच विचारून राह्यली."

तपासणीच्या दिवशी श्रीकृष्णरावांनी आपला इतिहास बगलेत मारला आणि साहेबांना फलाटावर उभं केलं. दुपारी गाडी लागली. साठ-पासष्ट माणसं बोचकी, लोणच्याच्या बरण्या आणि निरोप द्यायला आलेले नातेवाईक घेऊन डब्यांवर तुटून पडली. श्रीकृष्णरावांनी विजयी नजरेनं साहेबांकडे पाहिलं.

साहेबांनी हातातला कागद पाहिला. "तीन साल में वणी से रिझर्वेशन, ग्यारा." मग दारात लटकलेल्या सेवादासचं तिकीट मागितलं. सेवादासचे कोळशाचे ट्रक चालत, त्यामुळे कुणी कागद मागितला की तो लगेच काढून देई. "ये तो नागपूर से है. तुम नागपूर के हो?"

"नाई साहेब. मी वणीचा. तिकीट नागपूरचं."

साहेबांनी आणखी दहा तिकिटं पाहिली. सगळी नागपूरपासूनची. वणीच्या वाट्याला सहाच बर्थ, नागपूरला शेकड्यांनी. तेव्हा शहाणा वणीकर नागपूरपासूनचं तिकीट काढी, फॉर्मवर 'चढण्याचे ठिकाण: वणी' लिही आणि पाय पसरून मुंबई गाठी. मोजणाऱ्यांच्या हिशेबी ते सगळे नागपूरकर होते.

"किसने सिखाया ये?"

फलाटावरच्या सगळ्यांनी आदरानं श्रीकृष्णरावांकडे पाहिलं. बुकिंग क्लार्क धम्मरत्नानं तर कौतुकानं माहिती पुरवली, "भाऊंनी भरलेला फॉर्म नमुन्यासाठी खिडकीवर चिकटवून देल्ला, साहेब. सात वर्षं झाली. अक्षर पाहा किती सुंदर."

साहेबांनी अक्षर पाहिलं. इतिहासावरचंही पाहिलं. दोन्ही एकच होतं.

"मीच शिकवलं," श्रीकृष्णराव म्हणाले. "एक महिना द्या."

साहेबांनी दिला. बहुधा परतायला त्यांनाही हीच गाडी होती.

चौथ्या दिवशी खिडकीवर नवा नमुना लागला: 'वणीपासूनच तिकीट काढा.' आपल्याच युक्तीवर पाणी फिरवताना श्रीकृष्णरावांचा हात जड झाला होता. बर्थ सहा आणि माणसं साठ. आता लोक आपल्याला शिव्या घालतील, ही त्यांची खात्री होती. पण वणीत निराळंच झालं.

"भाऊ म्हणतात म्हणजे यात काहीतरी फायदा असनार," मुंबईहून कालच परतलेला सेवादास कुजबुजला.

"कायचा?"

"सांगतीन काय ते? आधी काढून घे."

दहा वाजेपर्यंत रांग तहसीलच्या रस्त्याला लागली. ज्यांना मुंबईत काडीचं काम नव्हतं त्यांनीही, संधी हुकू नये म्हणून, मुंबईची तिकिटं काढली. लोकांना कारण समजावून सांगता सांगता श्रीकृष्णराव स्वतः रांगेच्या शेवटी राहिले.

"वेटिंग एकशे बारा आणि तेरा," धम्मरत्न म्हणाला. "काढू काय भाऊ?"

"नागपूरपासून काढा ना," मागून कुंदाताई पुटपुटल्या. "दोघांनी काय होते?"

श्रीकृष्णरावांनी एकदा खिडकीवरच्या अक्षराकडे आणि एकदा बायकोकडे पाहिलं. "वणीपासूनच दे," ते म्हणाले.

महिन्याअखेर पत्र आलं. वणीहून मागणी अचानक व लक्षणीय वाढल्यामुळे थांबा कायम. अचानक का, हे कुणी विचारलं नाही.

हौशी लोकांनी तिकिटं रद्द केली, आणि पाथ्रडकर नवराबायको वेटिंगमधून सरकत सरकत आरएसीत, म्हणजे दोघांत एका बर्थपर्यंत, येऊन पोचले. खिडकीजवळ समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून, कल्याणपर्यंत.

पैनगंगा मागे पडल्यावर कुंदाताईंनी डबा उघडला. "तीस वर्षं झाली लग्नाले. इतका वेळ असे समोरासमोर कधी बसलो होतो काय आपण?"

श्रीकृष्णरावांना भरून आलं. त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं.

"नाही ना?" त्यांच्या हातात धपाटा ठेवत कुंदाताई म्हणाल्या. "मग पाय काढा तिकडे. मले मांडी घालू द्या."