दोन विहिणींचा एक रंग

तोंडात तीन टाचण्या धरून विल्मा ड्वोराक गालिच्यावर गुडघे टेकून बसली होती आणि राखाडी ड्रेसचा घोळ बोटभर वर घेत होती. ड्रेस डार्लीन ट्रॅहनच्या अंगावर होता. समोर भिंतभर आरसा होता, पण डार्लीन खिडकीतून मागच्या हिरवळीकडे बघत होती. तिथे चार माणसं घामाघूम होऊन लग्नाच्या तंबूचे खांब उभे करत होती. लग्न शनिवारी होतं आणि आज बुधवार होता.

“माझा मोरपंखी जळला म्हणजे कितीसा जळला गं?” डार्लीनने विचारलं.

विल्माने टाचण्या काढल्या. “इस्त्री टेकली त्यावर. अगदी पुढच्या बाजूला. दिसला असता, मिसेस ट्रॅहन.”

“मिसेस ट्रॅहन माझी सासू. ती गेली, देव तिचं भलं करो. मी डार्लीन. किती वर्षं सांगतेय तुला?” ती हसली. “बावीस ड्रेस तुमच्याकडे, आणि जळायचा तो नेमका माझाच. त्यालाही माझ्याबरोबर यायची लाज वाटली असेल.”

विल्माने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही, ही तिच्या धंद्यातली मोठीच सोय.

ड्रेस जळलाबिळला काही नव्हता. न्यूयॉर्कच्या शिवणघरात, पांढऱ्या पिशवीत तो धडधाकट लटकत होता.

एकतीस वर्षं विल्मा त्या शिवणघराचे नमुने घेऊन शहरोशहरी जात होती. वर्षातून दोन फेऱ्या, बावीस ड्रेस, तीन पेट्या. बड्या दुकानाचा वरचा मजला तीन दिवस तिच्या ताब्यात असायचा. बायका यायच्या, नमुने घालून बघायच्या, मापं द्यायच्या आणि तीन महिन्यांनी ड्रेस घरपोच मिळायचा. शहर बदललं की बाई बदलते, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. न्यूयॉर्कची बाई काळा रंग मागते आणि उभ्याउभ्या आरशात बघते. वीस मिनिटांत चार ड्रेस, नमस्कार-चमत्कार काही नाही. शिकागोची बाई ड्रेस आधी उलटा करते, शिवण बघते, अस्तर चिमटीत धरते आणि विचारते, यावर लोकरीचा कोट बसेल ना? बेव्हर्ली हिल्सची बाई येतच नाही. तिची सेक्रेटरी येते, सहा ड्रेस घरी नेते आणि पाच परत आणते, कधीकधी सेंटाचा वास मारणारे. पाम बीचच्या बायका आजीचे मोती घालून येतात, नव्या कपड्याला नाक मुरडतात आणि तीन-तीन बंगले असूनही घासाघीस करतात. आणि ह्यूस्टन! ह्यूस्टनची बाई कधी एकटी येत नाही. बरोबर बहीण, मैत्रीण, मैत्रिणीची आई. दुकानातच जेवण मागवतात, आणि एकीने ड्रेस चढवला की चौघी डोळे पुसतात. विल्माचा खरा जीव ह्यूस्टनवर होता, पण ते ती कुणाला सांगत नसे.

सांगायचं नाही, हाच तर तिचा धंदा होता. एका समारंभाला एक नमुना एकाच बाईला, एवढा एक नियम. त्यासाठी प्रत्येक शहराची एक वही. दुसरा नियम कुठे लिहिलेला नव्हता. आतल्या कपड्यांवर उभी असलेली बाई काय वाटेल ते बोलून जाते; नवऱ्याचं, सुनेचं, डॉक्टरने काय सांगितलं त्याचं. ते त्याच खोलीत राहायला हवं. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकतीस वर्षांत एका खोलीतला एक शब्द तिने दुसऱ्या खोलीत नेला नव्हता. ही सवय तिच्यात इतकी मुरली होती, की मनातल्या मनातसुद्धा ती एकीचं बोलणं दुसरीच्या बोलण्याला जोडत नसे. आणि घोळ झाला तो तिथेच.

मार्चमध्ये डार्लीन दुकानात एकटीच आली, तेव्हाच विल्माला नवल वाटलं होतं.

“मला ह्यूस्टनचं काही दाखवू नकोस,” ती म्हणाली होती. “चमचम नको, भडक नको. शिकागोच्या बायका घालतात तसलं काढ.”

मग सगळं बाहेर आलं. ॲश्लिन, तिची एकुलती एक लेक, शिकागोच्या जुन्या घराण्यात पडत होती. ‘त्या लोकांकडे सगळं साधं असतं, मम्मा,’ असं लेक फोनवर एकदा म्हणाली होती. एकच वाक्य. पण डार्लीनने ते किती रात्री उगाळलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. डार्लीनची आई पोर्ट आर्थरला कोळंबी सोलायची. नवऱ्याने तेलविहिरींच्या झडपा विकून पैसा केला, बंगला बांधला, पण डार्लीनचं मोठ्याने हसणं काही बदललं नाही. “पोरीला माझी लाज वाटते गं,” ती म्हणाली होती. “तिचं काही चुकत नाही. तो एक दिवस मला धड पार पाडायचाय. नाहीतर ती जी तिकडे जाईल, ती पुन्हा मला बोलावायची नाही.”

विल्माने तिला मोरपंखी ड्रेस काढून दिला होता. साधा, सरळ, फक्त मनगटाशी थोडं सोनेरी काम. ह्यूस्टनच्या मानाने तो जवळजवळ शोकाचा कपडा होता.

पुढच्या आठवड्यात शिकागोला मिसेस ऑल्डरिज आल्या. तीस वर्षं राखाडी घालणारी बाई. मुलाचं लग्न दक्षिणेत आहे म्हणाल्या, आणि मग मान खाली घालून, “तिकडचं काहीतरी दाखवा. जरा धीट.” विल्माने मोरपंखी काढला. मनगटाशी सोनं म्हणजे शिकागोच्या मानाने फारच झालं. मिसेस ऑल्डरिजनी तो उलटा करून शिवण बघितली आणि घेतला.

दोन बायका दोन टोकांकडून निघाल्या आणि एकाच हँगरपाशी येऊन पोचल्या. वह्या मात्र दोन होत्या. या सोमवारी ह्यूस्टनचा ड्रेस खोक्यात घालताना पॅकिंगवाली कॉन्सुएलो म्हणाली, “अगं, असाच एक मी शिकागोला धाडला ना? चिठ्ठीवर तोच शनिवार, तेच चर्च. दोघी एकाच लग्नाला चालल्यात की काय?” विल्मा तिथेच पेटीवर बसली.

रीत अशी की मुलीच्या आईने रंग आधी ठरवायचा आणि मुलाच्या आईला कळवायचा. डार्लीनने कळवला नव्हता. त्या बाईला पत्र काय लिहायचं, कसं लिहायचं, या धास्तीने चार कार्डं फाडली, असं तिनेच सांगितलं होतं. शिकागोचा ड्रेस घरी पोचून दोन आठवडे झाले होते. राहिली डार्लीन. विल्माने खोटं ठरवलं, राखाडी ड्रेस घेतला आणि विमान धरलं. कुणाचं गुपित फुटणार नव्हतं आणि कुणाची शोभा होणार नव्हती. आणि खरं सांगायचं तर, या दोघींत गप्प बसवायला डार्लीन सोपी होती, हेही तिने हिशेबात धरलं होतं. त्याची तिला विमानभर लाज वाटत होती.

“झालं,” विल्मा म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. “आता बघा.”

डार्लीनने आरशात बघितलं. हात खाली सोडले. पोट आत ओढलं. केस कानामागे सारले. हसून बघितलं आणि मग ते हसूही आवरून घेतलं.

“मस्त,” ती हळूच म्हणाली. “आता मी कुणाला दिसायचीच नाही. हेच हवं होतं ना?”

विल्माने टाचण्यांची डबी उचलली.

“फोटोत कुठे उभी राहू, तेही ठरवलंय मी. बाजूला, शेवटी. मला उन्हाने गरगरतं असं सांगायचं. ॲश्लिनला मोकळं वाटेल.” तिने बाहीवरचा नसलेला धागा झटकला. “तू एवढ्या लांबून स्वतः आलीस, विल्मा. दुसरं कुणी नसतं आलं. देवमाणूस आहेस तू.”

विल्माच्या हातातली टाचण्यांची डबी गालिच्यावर पडली. ती गोळा करायला ती वाकली नाही.

“ड्रेस जळला नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“तुमच्या विहीणबाईंनी तोच घेतलाय. शिकागोला. मीच दिला. मला कळायला हवं होतं, कळलं नाही. आणि इथे मी खोटं बोलले.”

डार्लीन वळली. तिच्या गळ्यावर लाल चट्टे उठले होते. “तोच? त्या बाईने? मोरपंखी?” मग तिने मान हलवली. “म्हणजे बघ, बरोबरच केलंस. तिच्यासारखा घालून उभी राहिले असते तर नक्कल वाटली असती. लोक म्हणाले असते, बघा, झडपावाल्याची बायको...”

“डार्लीन, ऐकून घे.” विल्माच्या तोंडून एकतीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाला असं अगंतुगं निघालं. “तो ड्रेस तिने तुझ्यासाठी घेतला. तुझ्या भीतीने. ती माझ्यासमोर उभी होती, अशीच, आणि म्हणाली, मी त्या बाईशेजारी फोटोत भिंत दिसेन.”

“माझ्याशेजारी?”

“तुझ्याशेजारी.”

“तिला कुणी सांगितलं माझ्याबद्दल? आम्ही एकदाच भेटलो. मी सूपसुद्धा प्यायले नाही, आवाज होईल म्हणून.”

आता मात्र विल्मा घुटमळली. बाहेर तंबूवाल्यांपैकी एकजण दोरी ओढ, दोरी ओढ म्हणून ओरडत होता.

“तुझ्या लेकीने,” ती म्हणाली.

डार्लीनने आरशाच्या चौकटीला हात टेकला. “काय म्हणाली ती?”

“सासूला म्हणाली, राखाडी घालून येऊ नका हं. माझी मम्मा खोलीत आली की दिवा लावल्यासारखं होतं. तिच्याशेजारी उभं राहायचंय तुम्हाला.”

डार्लीनचे डोळे वाहू लागले, पण ओठ घट्ट मिटलेले होते. ह्यूस्टनच्या दुकानात विल्माने तिला वीसदा रडताना बघितलं होतं, मोठ्याने, मैत्रिणींच्या गळ्यात पडून. हे रडणं तसं नव्हतं.

“मला कधी नाही म्हणाली,” डार्लीन शेवटी म्हणाली.

“आईला कोण म्हणतं?”

“पुन्हा सांग. शब्द न शब्द.”

विल्माने पुन्हा सांगितलं. काही गाळलं नाही, काही घातलं नाही.

डार्लीनने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं आणि तिच्याकडे पाठ केली. “आधी ही चेन काढ बाई. गुदमरायला होतंय मला.”

विल्माने चेन खाली ओढली. घोळाला टाचण्या आहेत, जपून, असं ती म्हणणार तोच डार्लीन राखाडी ड्रेसमधून बाहेर आली, अनवाणी पलीकडच्या भिंतीशी गेली आणि कपाटांची दारं एकामागून एक उघडत सुटली. लाल, पिवळे, जर्द केशरी कपडे दिसू लागले.

“विहीणबाईला शोभतो ना गं तो मोरपंखी?” कपड्यांच्या आतून आवाज आला.

“शोभतो,” विल्मा म्हणाली, आणि खाली पडलेला ड्रेस उचलून त्याच्या टाचण्या काढू लागली.